शब्द, कृती आणि बिशप लास कासास

थोर व्यक्तींचे मोजमाप आपण बहुधा त्यांच्या शब्दांवरून करतो. प्रभावी प्रवचन ऐकले की प्रवचनकारही तितकाच थोर असावा, असे आपण गृहीत धरतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एका धर्मगुरूचे जीवन या बाबतीत आपल्याला अंतर्मुख करते. त्यांचे नाव बार्तोलोमे दे लास कासास.

स्पेनमधील सेव्हिल येथे जन्मलेले बार्तोलोमे १५०२ साली कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर गेले. तेथे स्पॅनिश वसाहतवाल्यांना जमिनीबरोबर मूळ रहिवासीही वाटून दिले जात. या लोकांचे रक्षण करावे व त्यांना धर्मशिक्षण द्यावे, असे कागदावर ठरलेले होते. प्रत्यक्षात त्यांना खाणींत आणि शेतांत मरेपर्यंत राबवले जाई. बार्तोलोमे यांच्याकडेही असे लोक होते. पुढे ते धर्मगुरू झाले, तरी ही मालकी त्यांनी सोडली नाही.

१५११च्या आगमनकाळात सांतो दोमिंगो येथे फादर आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूंनी या अत्याचाराविरुद्ध जळजळीत प्रवचन दिले. वसाहतवाले संतापले. त्या काळात एका डॉमिनिकन धर्मगुरूंनी खुद्द बार्तोलोमे यांनाही याच कारणास्तव पापक्षमा नाकारली. त्यांनी वाद घातला, पण ते बदलले नाहीत. स्पॅनिश सैन्याबरोबर ते क्युबात गेले. तेथील कत्तली त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि त्याच बेटावर त्यांनी नवी जमीन व नवे मजूर स्वीकारले.

१५१४ साली पेंटेकॉस्टच्या सणाचे प्रवचन तयार करताना बायबलमधील बेनसिरा ग्रंथाचा ३४वा अध्याय त्यांच्या वाचनात आला. गरिबांना लुबाडून केलेले अर्पण देवाला मान्य होत नाही आणि मजुराची मजुरी बुडवणे हे रक्तपातासारखेच आहे, असा त्याचा आशय. बार्तोलोमे कित्येक दिवस विचारात पडले. स्वतः मजूर बाळगून इतरांना उपदेश करता येणार नाही, हे त्यांना कळून चुकले. प्रथम ते गव्हर्नर दिएगो वेलास्केस यांच्याकडे गेले आणि आपले मजूर सोडत असल्याचे त्यांनी सांगितले. त्यानंतर १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांनी व्यासपीठावरून तो निर्णय जाहीर केला. आधी त्याग, मग प्रवचन, हा क्रम महत्त्वाचा आहे.

पुढील अर्धशतक त्यांनी या लोकांसाठी वेचले. डॉमिनिकन संघात प्रवेश केला, राजदरबारी वारंवार दाद मागितली. १५४२च्या नव्या कायद्यांमागे त्यांचा मोठा वाटा होता. चियापासचे बिशप म्हणून १५४५ साली कार्यभार स्वीकारल्यावर, गुलामांना मुक्त न करणाऱ्यांना पापक्षमा देऊ नये, असा आदेश त्यांनी काढला. जे औषध एकदा त्यांना स्वतःला कडू लागले होते, तेच त्यांनी आपल्या कळपाला दिले. त्यामुळे लोकक्षोभ उसळला आणि त्यांना स्पेनला परतावे लागले.

परंतु त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. मूळ रहिवाशांची सुटका व्हावी म्हणून १५१६ साली आणि त्यानंतरही त्यांनी आफ्रिकन गुलाम आणण्याची सूचना केली होती. आफ्रिकन गुलाम त्यापूर्वीही तेथे नेले जात होते, तरीही ही सूचना घोर अन्यायाची होती. एका माणसाचे जोखड उतरवून ते दुसऱ्याच्या मानेवर ठेवण्याचाच तो प्रकार. पुढे आफ्रिकेतील लोकांनाही तितक्याच अन्यायाने पकडले जाते, हे त्यांना समजले. आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी स्वतःचे नाव घेऊन हा दोष नोंदवला. अज्ञानाची सबब देवासमोर टिकेल की नाही, याची त्यांना खात्री वाटत नव्हती. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे ते निवर्तले.

या सूचनेमुळे लास कासास यांना ढोंगी ठरवावे काय? की त्यांच्या महान कार्याखातर ती विसरावी? दोन्ही मार्ग सोपे आहेत आणि दोन्ही असत्याचे आहेत. ढोंगी माणूस आपल्या शब्दांच्या आड कृती लपवतो. लास कासास यांनी मात्र शब्दाचा प्रकाश प्रथम स्वतःच्या कृतीवर पाडून घेतला. त्यासाठी त्यांनी मालमत्ता सोडली, लोकप्रियता गमावली आणि शेवटी स्वतःविरुद्ध साक्षही दिली.

बंधुभगिनींनो, आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, वाडीत राबणारा मजूर, यांची मजुरी आपण वेळेवर आणि पुरेशी देतो काय? येत्या रविवारी वेदीसमोर अर्पण ठेवण्यापूर्वी आपणही बेनसिरा ग्रंथाचा तो अध्याय एकदा उघडून पाहावा.