तुळजापूरच्या चौकात रमलेला साहेब

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की काही वेळाने सपाट माळ संपतो आणि बालाघाटाची कड समोर येते. घाट चढून गावात शिरावे आणि मग देवीच्या दर्शनासाठी पुन्हा खाली उतरावे, अशी इथली रीत. बहुतेक डोंगरावरच्या देवांकडे धापा टाकत चढावे लागते. भवानीमातेचे देऊळ मात्र उताराच्या कुशीत आहे. महाद्वारातून पायऱ्या उतरत जावे, कल्लोळ आणि गोमुख तीर्थांपाशी थांबावे, आणखी खाली जावे, तेव्हा कुठे ओवऱ्यांनी वेढलेले ते फरसबंदी आवार लागते.

गावातली जुनी घरेही याच वळणाची. बाहेरून काळ्या दगडाची जवळजवळ आंधळी भिंत, तिच्यात एक दिंडी दरवाजा. आत पाऊल टाकले की उजेडाने भरलेला चौक, त्याच्या भोवती ओसरी, ओसरीमागे माजघर. पुजाऱ्यांच्या अशा घरांतच पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू उतरत आले. पुजारी आपल्या भक्ताला यजमान म्हणतो, आणि मराठीत पाहुण्याला घरी उतरवून घेणाऱ्यालाही यजमानच म्हणतात. पाहुणा कोण आणि घरधनी कोण, हा भेद या चौकात पुसट होत असे.

अशाच एका घरात एका इंग्रजी कादंबरीची नायिका वाढली. कादंबरीचे नाव ‘तारा’, साल १८६३. नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची विधवा मुलगी आणि काळ अफझलखानाच्या स्वारीचा. लेखक फिलिप मेडोज टेलर. धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासात हे नाव नळदुर्गचा साहेब म्हणून येते. त्याचे आयुष्य पाहिले, तर बंगल्यात राहणाऱ्या या माणसाला वाड्याचा चौक इतका कसा कळला, याचे उत्तर हळूहळू मिळत जाते.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलचा. वडिलांचा व्यापार बसल्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले आणि पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, पोराला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवण्यात आले. तिथे पोहोचल्यावर कळले की ज्या पेढीत भागीदारीचे स्वप्न दाखवले होते, तिचीच अवस्था बिकट आहे. ओळखीपाळखीतून त्याला निजामाच्या फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळाली आणि तो औरंगाबादेस आला. ही एक गोष्ट त्याला जन्मभर पुरली. कंपनीच्या फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेत निजामाचा नोकर हा दुय्यमच. बढत्या आणि मानाच्या जागा त्यांच्यासाठी होत्या. टेलरला जे मिळवायचे ते स्वतःच्या हिमतीवर मिळवावे लागले. हिंदुस्तानी, फारसी आणि मराठी तो शिकला. मोजणी, कायदा, बांधकाम, चित्रकला या गोष्टीही त्याने कोणत्याही कॉलेजात न जाता हस्तगत केल्या.

विशीत असताना त्याच्याकडे निजामाच्या राज्याच्या या भागातल्या पोलिसांचे काम आले. तेव्हाच तुळजापूरशी त्याची ओळख झाली. तंबू ठोकून गावोगाव फिरावे, झाडाखाली बसून पाटील-कुलकर्ण्यांचे, सावकार-कुळांचे गाऱ्हाणे ऐकावे, हा त्याचा दिनक्रम. घरातली भांडणे, वाटण्या, चोऱ्या, दत्तकाचे वाद हे सारे त्याच्यापुढे येई. वाटमाऱ्या ठगांचा मागही त्याला लागत होता, पण १८२९ मध्ये नव्या निजामाने इंग्रज मुलकी अधिकारी परत बोलवायला लावले आणि टेलरला पुन्हा पलटणीत जावे लागले. ठगांचा छडा लावण्याचे श्रेय स्लीमनला मिळाले. टेलरने मात्र ती माणसे कादंबरीत उतरवली. १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ने त्याचे नाव विलायतेत झाले. व्हिक्टोरिया राणीनेही ती उत्सुकतेने वाचली.

मधल्या काळात, १८३२ मध्ये, त्याचे लग्न झाले होते. मुलगी हैदराबादचा प्रसिद्ध पेढीवाला विल्यम पामर याची. या पामरची आई हिंदुस्थानी बेगम होती. म्हणजे टेलरच्या सासरच्या घरात इथल्या जनानखान्याच्या आठवणी ताज्या होत्या. ज्या आतल्या चौकात परक्या पुरुषाला प्रवेश नसतो, तिथल्या जगाकडे तो इतक्या समजुतीने पाहू शकला, यामागे या घराचा वाटा असला पाहिजे.

१८४१ पासून टेलर सुरापूर संस्थानात होता. आजच्या कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातले हे डोंगरांनी वेढलेले गाव. बेडर नायकांचे राज्य, गादीवर अल्पवयीन राजा, कर्जाचा डोंगर आणि दरबारात दुफळी. टेलरने तिथे बारा वर्षे कारभार पाहिला. याच काळात, १८४४ मध्ये, त्याची पत्नी वारली. पुढे त्याने दुसरे लग्न केले नाही. गावालगतच्या टेकडीवर त्याने स्वतःसाठी बंगला बांधवला. लोक त्याला टेलर मंझिल म्हणू लागले. हा बंगला अजून उभा आहे आणि पुढे तो सरकारी विश्रामगृह म्हणून वापरात आला. बांधणाऱ्याला स्वप्नातही वाटले नसेल, पण त्याचे घर पाहुण्यांचे घर झाले.

बंगला आणि वाडा यांच्या स्वभावातच फरक आहे. बंगला बाहेर पाहतो. उंच जागा, भोवती व्हरांडा, दूरवरचा देखावा आणि गावापासून चार हात अंतर. राज्य करणाऱ्याला तेच सोयीचे. वाडा आत पाहतो. उतारावरच्या गावात तर त्याला दुसरा इलाजही नसतो. डोंगर खोदून पायऱ्यापायऱ्यांची जोती करायची, मागच्या घराचे जोते पुढच्या घराच्या धाब्याच्या उंचीला येते, आणि दाटीवाटीत प्रत्येक घराला आपला ऊन-वारा मिळतो तो चौकातूनच. पावसाचे पाणी चौकात उतरून मोरीवाटे खालच्या अंगाला जाते. उन्हाळ्यात जाड भिंती आणि चौकाची सावली घर थंड ठेवतात. पाहुणा आला तर त्याची जागा ओसरीवर, त्याची चूल चौकाच्या कोपऱ्यात, आणि घरातल्या बायकांचा वावर आतल्या बाजूस. पाहुण्याला मोकळीक आणि घराला आब, दोन्ही गोष्टी एका चौकाने साधतात. टेलर राहिला बंगल्यात, पण लिहायला बसला तेव्हा त्याचे मन या चौकात उतरले.

१८५३ मध्ये निजामाच्या डोक्यावर कंपनीच्या फौजेच्या खर्चाचे कर्ज साचले होते. त्यापोटी कंपनीने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. त्या काळच्या कागदांत या गावाचे नाव धाराशिवच आहे. उस्मानाबाद हे नाव विसाव्या शतकातले आणि २०२३ मध्ये धाराशिव पुन्हा अधिकृत झाले. या मुलखाचा कारभार टेलरकडे आला आणि तो नळदुर्गच्या किल्ल्यात राहायला गेला. बोरी नदीला बांध घालून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने केलेला पाणीमहाल, पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर आणि मादी धबधबे, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या जागेचे मोल सांगायला नको. इथे त्याने जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी हाती घेतली, रस्ते केले. पंचवीस वर्षांपूर्वीचा तरुण साहेब परत आला म्हणून जुनी माणसे भेटायला येत. त्याच्या मेडोज या नावाचे लोकांच्या तोंडी महादेवबाबा झाले होते.

तरीही तो कंपनीचा अधिकारी होता, हे विसरून चालणार नाही. सुरापूरचा बाळराजा व्यंकटप्पा नायक त्याच्या नजरेसमोर वाढला. तो टेलरला अप्पा म्हणे. टेलर नळदुर्गला गेला आणि तरुण राजावरचा तो आधार सुटला. १८५७ मध्ये टेलरची बदली वऱ्हाडात बुलढाण्याला झाली. पुढच्याच वर्षी व्यंकटप्पाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, पराभव झाला आणि तो हैदराबादेत पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटला. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या नजरकैदेवर आली. पण तिकडे नेत असताना वाटेतच, अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजाचा अंत झाला. तो चोविसाव्या वर्षी मरेल असे ज्योतिष्याने सांगून ठेवले होते आणि टेलरला ते ठाऊक होते. टेलरचा जीव या मुलावर होता. टेलरचे सरकार मात्र त्याचे राज्य घेऊन बसले. १८६० मध्ये सुरापूर निजामाला देण्यात आले आणि धाराशिवचा मुलूखही त्याला परत मिळाला.

त्याच वर्षी प्रकृती ढासळून टेलर मायदेशी परतला. डोक्याला ताण नको, असे डॉक्टरांचे बजावणे होते. थोडे बरे वाटताच त्याने हाती घेतली ती ‘तारा’. डब्लिनच्या ओल्या थंडीत बसून हा माणूस तुळजापूरच्या उन्हातला चौक आठवून आठवून लिहीत होता. विजापूरच्या आणि धारवाड-म्हैसूरच्या वास्तुकलेवरच्या १८६६ मधल्या दोन मोठ्या ग्रंथांतही त्याचे लेखन आहे. चांदबिबीवरची त्याची कादंबरी आणि आत्मचरित्र त्याच्या मागे प्रसिद्ध झाले. १८७५ मध्ये सर सालारजंगाच्या आमंत्रणावरून तो पुन्हा हैदराबादेस आला, पण डोळे गेले. परतीच्या वाटेवर फ्रान्समधल्या मांतोंला १३ मे १८७६ रोजी त्याने देह ठेवला.

आज टेलरची आठवण कशासाठी काढायची? कारण ज्या चौकाने त्याला मोहिनी घातली, तो आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे. याला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मोठे कारण आहे. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली साडेसात हजारांहून अधिक माणसे नेली. त्यातली कितीतरी मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंतींखाली आणि धाब्यावरच्या मातीच्या ओझ्याखाली गेली. सास्तूरसारख्या गावांनी तो घाव सोसला. दगडाच्या घरात झोपायला माणसे धजेनात, यात नवल नव्हते. नवी गावे वसली ती सरळ रेषेतल्या सुट्या घरांची. तुळजापुरातही वाड्यांच्या जागी लॉज उभे राहिले. लांबच लांब मार्गिका आणि तिच्या दोन्ही अंगांना खोल्या.

पण भूकंपात घात केला तो भिंत रचण्याच्या पद्धतीने आणि छपराच्या वजनाने. चौकाचा त्यात दोष नव्हता. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड, पक्का चुना किंवा सिमेंट, चौफेर फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर एवढी काळजी घेतली, तर घर मजबूत होते आणि चौकही राहतो. उद्या बालाघाटाच्या उतारावर कोणी यात्रेकरूंसाठी निवास बांधायला घेतला, तर त्याने आधी एखाद्या पडक्या वाड्याच्या चौकात तासभर बसावे. ऊन कुठून येते, पाणी कुठून जाते, पाहुणा कुठवर येतो आणि घर कुठून सुरू होते, हे तिथे दगडातच लिहून ठेवलेले आहे. हजारो मैलांवरून आलेल्या एका परक्याला ते वाचता आले. मग ज्यांच्या आज्या त्याच चौकात तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांना ते अवघड जाऊ नये.