उमाजी नाईक

उमाजी नाईक (७ सप्टेंबर १७९१ – ३ फेब्रुवारी १८३२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीविरुद्ध पुणे-पुरंदर परिसरात सशस्त्र उठाव करणारे रामोशी समाजाचे पुढारी होते. कंपनी सरकारला सारा वसूल करण्याचा अधिकार नाही, तो कोणीही भरू नये, असा जाहीरनामा त्यांनी १८३१ मध्ये काढला. त्यांना राजे उमाजी नाईक या नावाने ओळखले जाते आणि आद्य क्रांतिवीर म्हणून त्यांचा गौरव केला जातो. कंपनीच्या दप्तरात मात्र त्यांची नोंद दरोडेखोर म्हणून झाली आहे.

पार्श्वभूमी

जुन्या गावगाड्यात रामोशी हे गावाचे जागले होते. रात्रीची गस्त घालणे, परक्या माणसांवर नजर ठेवणे आणि चोरी झाल्यास चोराचा माग काढणे ही त्यांची जबाबदारी असे. माग लागला नाही तर गेलेल्या मालाची भरपाईही त्यांच्याकडून मागितली जाई. या कामाच्या मोबदल्यात त्यांना खळ्यावर धान्याचा वाटा आणि काही ठिकाणी इनाम जमीन मिळत असे. डोंगरी किल्ल्यांच्या पहाऱ्यावरही अनेक रामोशी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या होती. हा मोबदला त्यांच्या दृष्टीने नुसता पगार नव्हता, तो वंशपरंपरागत हक्क होता.

सुरुवातीचे जीवन

उमाजींचा जन्म पुरंदर तालुक्यातील भिवडी या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव दादोजी खोमणे व आईचे नाव लक्ष्मीबाई होते. पुरंदर किल्ल्याच्या रक्षणाचे काम या घराण्याकडे होते.

उमाजींच्या बालपणीच दख्खनचे राजकारण पालटले. वसईच्या तहानंतर (१८०२) इंग्रजांच्या मदतीने दुसरा बाजीराव पेशवाईच्या गादीवर परतला. त्याच युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला आणि दख्खनमधील इंग्रजांचे वर्चस्व वाढले. पुढे बाजीरावाने पुरंदरच्या रामोशांना किल्ला सोडण्यास सांगितले. त्यांनी नकार दिल्यावर त्यांचे हक्क व वतने काढून घेण्यात आली. खोमणे घराण्यावरही हा आघात झाला.

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला. कंपनीने किल्ल्यांवरील जुन्या शिबंद्या मोडल्या आणि पहारेकऱ्यांच्या हातचे काम गेले. याच सुमारास एका लुटीच्या प्रकरणात उमाजींना कारावासाची शिक्षा झाली. तुरुंगात ते लिहावाचायला शिकले. पुढे गावोगावच्या पाटलांना पत्रे पाठविताना व जाहीरनामे काढताना हे अक्षरज्ञान त्यांच्या उपयोगी पडले.

साऱ्याचा बोजा व उठाव

कंपनीच्या अमलाची पहिली वर्षे पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांना कठीण गेली. धान्याचे भाव उतरले होते. सारा मात्र रोख रकमेत भरावा लागे. १८२४-२५ मध्ये अवर्षणाने परिस्थिती आणखी बिघडली. पुढे रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. त्यासाठीची मोजणी सदोष होती आणि आकारणी रयतेला झेपणारी नव्हती. अनेकांनी जमिनी टाकून गाव सोडले. अखेर ही पद्धत सरकारलाच सोडावी लागली आणि १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांची नवी जमाबंदी सुरू झाली.

ज्यांचा खळ्यावरचा वाटा आटला होता, अशा रामोशांनी याच काळात सत्तू नाईक यांच्या नेतृत्वाखाली बंड पुकारले. उमाजी त्यात सामील झाले. पुण्याजवळील भांबुर्डे येथील सरकारी खजिन्याची लूट ही या बंडातील गाजलेली घटना होय. सत्तू नाईकांच्या मृत्यूनंतर नेतृत्व उमाजींकडे आले.

१८२६ मध्ये सरकारने उमाजी व त्यांच्या प्रमुख साथीदारांना पकडून देणाऱ्यास प्रत्येकी १०० रुपयांचे बक्षीस जाहीर केले. उमाजींनी बंड थांबविले नाही. सारा सरकारी कचेरीत न भरता आपल्याकडे भरावा, असे ते गावांना कळवू लागले. सह्याद्रीच्या डोंगररांगांची माहिती, गावोगावच्या रामोशांचे नाते आणि जरब या तिन्हींच्या बळावर ते फौजेच्या हाती लागत नव्हते. यात गावकऱ्यांची मात्र कोंडी झाली. उमाजींना पैसे द्यावेत तर सरकारचा रोष, सरकारला द्यावेत तर उमाजींचा, असा दुहेरी पेच पाटलांपुढे उभा राहिला.

कंपनीच्या सेवेत

बळाने बंड मोडत नाही असे दिसल्यावर १८२८ मध्ये सरकारने तडजोड केली. उमाजी व त्यांच्या माणसांचे अपराध माफ करून त्यांना मुलखाच्या बंदोबस्ताच्या कामावर घेण्यात आले. काही जमिनीही परत देण्यात आल्या. ज्या जागलकीवरून भांडण पेटले होते, तीच एका परीने त्यांच्याकडे परत आली.

ही तडजोड दोन वर्षांच्या आसपासच टिकली. उमाजी गावांकडून आपले हक्क वसूल करीतच राहिले, अशी अधिकाऱ्यांची तक्रार होती. सरकारच्या लेखी ते पगारी नोकर होते, तर स्वतःच्या लेखी वतनदार. १८३० च्या अखेरीस त्यांना अटक झाली, परंतु ते निसटले आणि पुन्हा डोंगरात गेले.

१८३१ चा जाहीरनामा

१६ फेब्रुवारी १८३१ रोजी उमाजींनी आपला प्रसिद्ध जाहीरनामा काढला. इंग्रजांची सत्ता संपवावी, जेथे गोरे आढळतील तेथे त्यांच्यावर हल्ला करावा, देशी शिपायांनी कंपनीची चाकरी सोडावी आणि गावांनी सरकारला सारा देऊ नये, असे आवाहन त्यात होते. ज्यांची इनामे व वतने गेली होती त्यांना ती परत मिळण्याचे आश्वासन दिले होते. न ऐकणाऱ्या गावांना शिक्षेची धमकीही होती.

साऱ्याचा दर कमी करावा, अशी मागणी या जाहीरनाम्यात नव्हती. कर घेणाऱ्या सत्तेचा हक्कच त्याने नाकारला होता. एका जागल्याच्या हक्कापासून सुरू झालेली तक्रार येथे राज्य कोणाचे, या प्रश्नापर्यंत पोहोचली. आपल्याला राजे म्हणवून घेणे, न्यायनिवाडा करणे आणि गावांकडून महसूल मागणे ही सारी राजसत्तेची लक्षणे उमाजींनी स्वीकारली होती.

अटक व मृत्यू

सरकारने उमाजींचा पाठलाग करण्याचे काम कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याच्याकडे सोपविले. ऑगस्ट १८३१ मध्ये त्यांना पकडून देणाऱ्यास १०,००० रुपये व ४०० बिघे जमीन असे बक्षीस जाहीर झाले. पाच वर्षांपूर्वीच्या रकमेच्या ते शंभर पट होते. या लोभाने पूर्वीचे साथीदार फुटले. १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरजवळील उत्रोळी येथे उमाजी पकडले गेले. पुण्यात त्यांच्यावर खटला चालून त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यातील खडकमाळ आळी येथे त्यांना फाशी देण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय ४० वर्षांचे होते.

मूल्यमापन

उमाजींविषयीची बरीचशी माहिती मॅकिंटॉशने लिहून १८३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रामोशी जमातीवरील इंग्रजी ग्रंथातून येते. ज्याने त्यांना पकडले त्यानेच त्यांचे चरित्र नोंदविले, ही गोष्ट तो ग्रंथ वाचताना ध्यानात ठेवावी लागते. तरीही उमाजींचे धैर्य, हुशारी आणि शिवाजी महाराजांविषयीचा त्यांचा आदर यांची दखल मॅकिंटॉशने घेतली आहे.

करबंदीचा मार्ग पुढे इतरत्रही अनुसरला गेला. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८४६ मध्ये कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढली, तर १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात गुजरातच्या शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरण्यास नकार दिला. या दोन्ही घटना अहिंसक होत्या आणि बारडोलीमागे गावांची संघटित संमती होती. उमाजींच्या करबंदीला शस्त्राचा धाक होता, हा महत्त्वाचा भेद आहे.

वारसा

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले, तेव्हा त्यांच्या पथकात रामोशांचाच भरणा होता. पुढे ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्याचा जाच या समाजाला सोसावा लागला. आज उमाजींची जयंती ७ सप्टेंबर रोजी साजरी होते. रामोशी समाजासाठी महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या आर्थिक विकास महामंडळालाही राजे उमाजी नाईक यांचे नाव देण्यात आले आहे.