सागरतळाचा वाटाड्या : झाक कूस्तो

समुद्र हा माणसाच्या अगदी दाराशी राहणारा, पण शतकानुशतके अनोळखी राहिलेला शेजारी. त्याच्या पाठीवरून माणसाने गलबते नेली, त्याच्या पोटातून मासळी आणि मोती काढले. पण त्या पोटात आहे तरी काय, हे डोळ्यांनी पाहणे फारच थोड्यांच्या नशिबी आले. मोती काढणारे पाणबुडे दम कोंडून खाली जात आणि थोड्याच वेळात धापा टाकीत वर येत. बंदराची व बुडालेल्या जहाजांची कामे करणारे पाणबुडे डोक्यावर तांब्याचे शिरस्त्राण आणि पायांत शिशाचे बूट घालून उतरत. त्यांना हवा मिळे ती वरच्या होडीतील पंपातून, लांबलचक नळीने. नळी जेवढी लांब, तेवढेच त्यांचे जग. ही नळी तोडून माणसाला माशासारखे मोकळे पोहू देण्याचे काम ज्या दोघांनी केले, त्यांपैकी एक म्हणजे फ्रेंच नौदलातील अधिकारी झाक ईव्ह कूस्तो.

कूस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील सेंट आंद्रे द कूब्झाक या लहानशा गावी झाला. वडील वकील होते. एका धनिक अमेरिकन गृहस्थाचे चिटणीस म्हणून त्यांना सतत प्रवास करावा लागे. त्यामुळे झाकच्या बालपणातील काही काळ न्यूयॉर्कमध्ये गेला. मुलगा प्रकृतीने नाजूक. पण पाण्याची ओढ उपजत. अमेरिकेतील एका उन्हाळी शिबिरात तळ्याच्या तळाशी साचलेल्या फांद्या काढण्याचे काम त्याच्याकडे आले आणि पाण्याखालच्या जगाशी त्याची पहिली ओळख झाली. कुमारवयातच त्याने पैसे साठवून चित्रपटाचा कॅमेरा विकत घेतला. अभ्यासात मात्र लक्ष नव्हते. शाळेच्या खिडक्या फोडल्याबद्दल त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले, तेव्हा घरच्यांनी कडक शिस्तीच्या वसतिगृहात पाठविले. तेथे गाडी रुळावर आली आणि १९३० साली त्याने नौदलाच्या प्रशिक्षण विद्यालयात प्रवेश मिळविला.

तरुण कूस्तो यांचे स्वप्न समुद्राचे नव्हते, आकाशाचे होते. त्यांना नौदलातील वैमानिक व्हायचे होते. परंतु १९३६ साली मोटारीच्या भीषण अपघातात त्यांचे दोन्ही हात जायबंदी झाले. एक हात कापावा लागेल असे डॉक्टरांना वाटत होते. कूस्तो यांनी नकार दिला. विमानाचे दार कायमचे बंद झाले. हातांना बळ यावे म्हणून ते तूलों येथे रोज समुद्रात पोहू लागले. फिलीप ताइये या नौदलातील स्नेह्याने त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी पाण्याखाली डोके घातले आणि एका क्षणात पुढच्या साठ वर्षांची दिशा ठरली. ज्या समुद्रावर ते नोकरी करीत होते, तो त्यांनी त्या दिवशी प्रथम आतून पाहिला.

१९३७ साली सिमोन मेल्शियोर या नौदल अधिकाऱ्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. झाँ-मिशेल आणि फिलीप ही दोन मुले झाली. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि फ्रान्स जर्मनीच्या टाचेखाली गेला. त्या काळात कूस्तो यांनी गुप्तपणे प्रतिकार चळवळीला साहाय्य केले. युद्धानंतर त्याबद्दल त्यांचा गौरवही झाला. पण याच अंधाऱ्या दिवसांत त्यांच्या हातून ते काम झाले, ज्याने त्यांचे नाव राहिले.

पेट्रोलच्या टंचाईमुळे त्या वेळी फ्रान्समध्ये मोटारी कोळसावायूवर चालवीत. इंजिनाला लागेल तेवढाच वायू देणारी एक झडप एमिल गान्यान या अभियंत्याने तयार केली होती. पाणबुड्याच्या छातीलाही नेमके हेच हवे होते. पाण्यात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर छातीवर तिप्पट दाब असताना नेहमीच्या दाबाची हवा आत ओढताच येत नाही. हवा मिळायला हवी ती बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, आणि तीही श्वास घेतेवेळी. गान्यान व कूस्तो यांनी झडपेत तसा बदल केला. पॅरिसजवळ मार्न नदीतील पहिली चाचणी पुरती साधली नाही. दोष शोधून तो दूर करण्यात आला. १९४३ च्या जूनमध्ये भूमध्य समुद्राच्या काठी बांदोल येथे कूस्तो पाठीवर नळकांडी बांधून उतरले आणि माशासारखे आडवे, उलटे, हवे तसे पोहले. या उपकरणाला 'ॲक्वालंग', म्हणजे जलफुप्फुस, असे नाव मिळाले. आज जगभर स्कूबा म्हणून जे चालते, त्याचे मूळ येथे आहे.

युद्ध संपल्यावर कूस्तो, ताइये आणि फ्रेडरिक द्यूमा या तिघांनी नौदलाच्या पाणबुड्यांचे संशोधन पथक उभारले व पाण्यातील सुरुंग काढण्यासारखी जोखमीची कामे केली. १९५० साली एका धनिक इंग्रज गृहस्थाने सुरुंग काढणारे एक जुने लाकडी जहाज विकत घेऊन कूस्तो यांना वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने दिले. त्याचे नाव 'कॅलिप्सो'. जहाज सजविण्यासाठी सिमोनबाईंनी घरचे दागदागिने विकले. पुढे त्या वर्षानुवर्षे जहाजावरच राहिल्या. पण कॅमेऱ्यासमोर क्वचितच आल्या. कूस्तो यांच्या कीर्तीच्या हिशेबात हा खर्च सहसा धरला जात नाही.

१९५६ साली लुई माल या तरुण दिग्दर्शकासह केलेल्या 'मूक जग' या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले व नंतर ऑस्करही मिळाले. लक्षावधी लोकांनी प्रवाळांची रंगीत उद्याने प्रथमच पाहिली. पण याच चित्रपटात असेही एक दृश्य आहे, की जे आज पाहवत नाही. एका प्रवाळभिंतीवर किती मासे आहेत हे मोजण्यासाठी तेथे सुरुंग उडविला जातो आणि मेलेल्या माशांचा खच गोळा केला जातो. कॅलिप्सोच्या धक्क्याने जखमी झालेल्या व्हेलच्या पिल्लाभोवती शार्क जमतात, तेव्हा खलाशी त्या शार्कना गळाने ओढून ठेचून मारतात. याच काळात, १९५४ साली, कॅलिप्सोने अबुधाबीजवळ तेल कंपनीसाठी समुद्रतळाची पाहणीही केली होती. मोहिमांना पैसा लागे आणि तो जेथून मिळे तेथून कूस्तो घेत.

थोर माणसाच्या चरित्रातील अशी पाने वाचताना आपण ती घाईने उलटतो. कूस्तो यांच्या बाबतीत तसे करू नये. कारण पुढच्या पानांचे मोल याच पानांवरून ठरते. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे बुडी मारणाऱ्याला जे दिसते, ते किनाऱ्यावरच्याला दिसत नाही. भूमध्य समुद्रातील जी कुरणे आणि जे मासे त्यांनी तरुणपणी पाहिले होते, ते डोळ्यांदेखत विरळ होत गेले. १९६० साली फ्रान्सच्या अणुशक्ती खात्याने किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात बुडविण्याचे ठरविले, तेव्हा मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाचे संचालक असलेल्या कूस्तो यांनी त्याला उघड विरोध केला. किनाऱ्यावरील जनता उठली आणि बेत सोडून द्यावा लागला.

त्यांचा दुसरा भ्रमही हळूहळू दूर झाला. माणूस समुद्राच्या तळाशी वस्ती करील, असे त्यांना वाटे. १९६३ साली सुदानच्या किनाऱ्यापलीकडे, तांबड्या समुद्रातील शाब रूमी या प्रवाळावर त्यांनी पाण्याखाली घर बांधले व पाच माणसे तेथे महिनाभर राहिली. त्यावरील चित्रपटालाही ऑस्कर मिळाले. पण १९६५ च्या तिसऱ्या प्रयोगानंतर त्यांनी हा मार्ग सोडला. शाब रूमीचे अवशेष आजही तेथे आहेत. लोखंडावर प्रवाळांनी घर केले आहे. जेथे माणूस वस्ती करायला गेला, तेथे शेवटी वस्ती प्रवाळांचीच झाली.

१९६८ पासून दूरचित्रवाणीवरील त्यांच्या मालिकेने लाल लोकरी टोपी घातलेला हा सडपातळ माणूस घराघरांत पोचविला. १९७३ साली त्यांनी सागररक्षणासाठी संस्था स्थापन केली. १९७९ साली धाकटा मुलगा फिलीप लिस्बन येथे जलविमानाच्या अपघातात गेला. वैमानिक होण्याचे बापाचे अपुरे स्वप्न ज्याने पुरे केले, त्यालाच विमानाने नेले. या आघातानंतरही वृद्ध कूस्तो थांबले नाहीत. अंटार्क्टिकात खाणी खोदू देणाऱ्या कराराविरुद्ध त्यांनी जगभर सह्या गोळा केल्या. १९९१ च्या माद्रिद करारपत्राने त्या खंडावर खाणकामाला बंदी घातली. १९९५ साली फ्रान्सने पॅसिफिकमध्ये पुन्हा अणुचाचण्या सुरू करताच त्यांनी सरकारी मंडळाचे अध्यक्षपद सोडले. १९९६ मध्ये कॅलिप्सो सिंगापूरच्या बंदरात टक्कर होऊन बुडाली. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कूस्तो यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे उरलेला खरा प्रश्न मात्र बेटांवर आहे. सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत असलेल्या प्रवाळांवर समुद्रातील सुमारे चतुर्थांश जीवजाती अवलंबून असतात. घनदाट वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. नांगराच्या एका फटक्याने शंभर वर्षांची वाढ मोडते. कूस्तो यांच्या उपकरणाने आणि चित्रपटांनी लाखो हौशी माणसे या बेटांकडे वळली. दार उघडले की त्यातून पाहुणाही येतो आणि चोरही.

काही बेटांनी पाहुण्याला रीत शिकविली. कॅरिबियन समुद्रातील बोनेर या डच बेटाने १९७१ साली भाल्याने मासे मारण्यास बंदी केली, १९७९ मध्ये भोवतालचा समुद्र उद्यान म्हणून राखला, नांगर टाकणे थांबवून होड्या बांधण्यासाठी ठरावीक तरंगते बोये बसविले आणि १९९२ पासून प्रत्येक बुडी मारणाऱ्याकडून शुल्क घेऊन ते उद्यानाच्या राखणीला लावले. फिलिपीन्समधील आपो बेटाच्या कोळ्यांनी १९८२ साली किनाऱ्याचा एक तुकडा मासेमारीला बंद केला. आधी अनेकांना शंका होती. पण राखलेल्या भागातील मासे वाढून शेजारच्या पाण्यात येऊ लागले आणि पाहुण्यांचे शुल्क गावाला मिळू लागले. २०११ व २०१२ च्या वादळांनी त्या तुकड्यातील प्रवाळ उद्ध्वस्त केले, हेही सांगितले पाहिजे. राखण म्हणजे अमरत्व नव्हे. मलेशियातील सिपादान बेट कूस्तो यांच्याच १९८९ च्या चित्रपटाने जगाला माहीत झाले. तेथे गर्दी एवढी वाढली, की २००४ च्या अखेरीस सरकारने बेटावरील सारी विश्रामगृहे हटविली आणि रोजच्या बुडीवाल्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. कीर्ती देणाऱ्याच्या मागोमाग कीर्तीचे ओझे वाहणारा लागतो, हे सिपादानने शिकविले.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा पोटावर पाय येईल या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला. ती भीती खोटी म्हणता येणार नाही. पुढे त्याच किनाऱ्यावर स्कूबाचा धंदा वाढला आणि कोळ्यांच्या मुलांना त्यात काम मिळाले. परंतु पाहुण्याने प्रवाळावर पाय ठेवू नये, होडीने त्यावर नांगर टाकू नये, आणि मिळालेल्या पैशाचा वाटा किनाऱ्यालाच मिळावा, हे जेथे पाळले जाईल, तेथेच कोळी आणि प्रवाळ दोघेही टिकतील. तापत चाललेल्या समुद्राने प्रवाळ पांढरे पडत असताना तर आपल्या हातून होणारी इजा टाळण्याला अधिकच महत्त्व आहे.

सुरुंग लावून मासे मोजणारा हात आणि अंटार्क्टिकासाठी सह्या गोळा करणारा हात एकाच माणसाचा होता. मध्ये सुमारे पस्तीस वर्षांचे पाहणे होते. कूस्तो यांनी आपल्याला श्वास दिला, तो पाहण्यासाठी. त्यांना शिकायला जेवढा काळ लागला, तेवढा काळ आज प्रवाळांजवळ उरलेला नाही. म्हणून नळकांडी पाठीवर घेणाऱ्या प्रत्येकाने, त्यांनी शेवटी जे शिकले, तेथूनच सुरुवात करावयास हवी.