सुधारकाच्या घरातील पूजाअर्चा

गोपाळ गणेश आगरकर म्हटले की पुण्याच्या रस्त्यावरून जिवंतपणी निघालेली त्यांची प्रेतयात्रा आपल्याला आठवते. मला मात्र त्यांच्या घराचा उंबरठा अधिक मोलाचा वाटतो. देव न मानणारा हा माणूस त्या उंबरठ्याच्या आत कसा वागला?

१४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू गावी आगरकरांचा जन्म झाला. घरची परिस्थिती हलाखीची. एम.ए. होत असतानाच त्यांनी आईला कळवून टाकले, की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरू नये. १८८० साली चिपळूणकर-टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. १८८१ पासून ते ‘केसरी’चे संपादक होते. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पुढे मतभेद विकोपाला गेले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचे केशवपन, अस्पृश्यता यांवर त्यांनी असे काही आसूड ओढले, की सनातनी पुणे खवळून उठले.

आणि घरात? पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, श्रद्धाळू. त्यांची पूजाअर्चा, त्यांची व्रतवैकल्ये चालूच राहिली. नवऱ्याच्या शब्दाला वेदवाक्य मानण्याचा तो काळ. आगरकरांनी नुसते डोळे वटारले असते तरी सारे थांबले असते. पण त्यांनी आपली मते पत्नीवर लादली नाहीत.

कोणी म्हणेल, ही तर विसंगती! जगाला उपदेश आणि घरात मौन? मला तसे वाटत नाही. केशवपनाने एका मुलीच्या आयुष्याची राख होत होती. तिथे गप्प बसणे हे पाप होते. यशोदाबाईंच्या पूजेने कोणाचे काय बिघडत होते? दुसऱ्यावर अन्याय करणारी रूढी आणि मनाला आधार देणारी श्रद्धा यांतला फरक आगरकरांनी ओळखला होता. शिवाय विचारस्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्याने घरातल्या बाईचेच स्वातंत्र्य हिरावून घेतले असते, तर त्याच्या लेखणीला काय अर्थ उरला असता?

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून तेवढे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते. ज्यांच्याशी उभा दावा मांडला, त्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर गहिवरून मृत्युलेख लिहिला.

आज अनेक घरांत एकाचा उपास असतो आणि दुसरा त्यावर हसतो. एक नमस्कार करीत नाही म्हणून दुसरा त्याला धारेवर धरतो. दोघांनीही आगरकरांचे घर आठवावे. आपले मत सोडू नये, पण त्यासाठी घरातल्या माणसाचे मनही मोडू नये.