शेक्सपिअर आणि त्याचे नाटकगृह

इंग्लंडात एव्हन नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड नावाचे गाव आहे. तेथील एका हातमोजे करणाऱ्या कारागिराच्या घरी १५६४ साली विल्यम शेक्सपिअरचा जन्म झाला. पुढे पोटापाण्यासाठी तो लंडनला गेला आणि नटांच्या मेळ्यात मिसळला.

त्या काळी नटांना फारशी प्रतिष्ठा नव्हती. सरायांच्या अंगणात फळ्या मांडून ते खेळ करीत. नाटकांमुळे गर्दी जमते, दंगे होतात व रोगराई पसरते, असे म्हणून शहराचे कारभारी त्यांना विरोध करीत. म्हणून जेम्स बर्बेज या नटाने १५७६ साली शहराच्या हद्दीबाहेर खास नाटकांसाठी एक लाकडी इमारत बांधली. हा गृहस्थ मूळचा सुतार! इमारतीला त्याने 'थिएटर' असे नाव दिले. १५९४ साली जी नवी नाटक मंडळी स्थापन झाली, तिचे खेळ येथेच होऊ लागले. जेम्सचा मुलगा रिचर्ड हा तिच्यातील प्रमुख नट होता. शेक्सपिअर तिच्यासाठी नाटके लिही, त्यांत कामे करी आणि नफ्यातही त्याचा वाटा असे.

परंतु इमारत बर्बेजची असली तरी जमीन दुसऱ्याची होती. एकवीस वर्षांचा करार १५९७ साली संपला आणि त्याच वर्षी जेम्स वारला. जमीनमालक करार वाढवून देईना. इमारत पाडून तिचे लाकूड आपणच वापरावे, असा त्याचा बेत होता. तेव्हा २८ डिसेंबर १५९८ रोजी, मालक परगावी असताना, बर्बेज बंधू एक कुशल सुतार व मजूर घेऊन तेथे गेले आणि त्यांनी इमारत उकलण्यास आरंभ केला. ते लाकूड थेम्स नदीपलीकडे नेऊन १५९९ साली त्यातून 'ग्लोब' हे नाटकगृह उभारण्यात आले. मालकाने फिर्याद केली, पण ती टिकली नाही. पैसा अपुरा पडल्यामुळे बर्बेज बंधूंनी पाच नटांना भागीदार करून घेतले होते. त्यांत शेक्सपिअरचा दहावा हिस्सा होता.

ग्लोबचा मधला भाग उघडा असे. एक पेनी देऊन कोणालाही तेथे उभे राहता येई. खेळ दुपारी, सूर्यप्रकाशात होत. देखाव्यांचे रंगीत पडदे नसत. त्यामुळे 'मॅक्बेथ'मधील काळोखी रात्र भर उन्हात केवळ शब्दांनीच उभी करावी लागे. हे सामर्थ्य शेक्सपिअरच्या लेखणीत होते.

१६१३ साली एका खेळात तोफ उडविताना गवताच्या छपराने पेट घेतला व ग्लोब जळून गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही आणि पुढील वर्षी ते पुन्हा बांधले गेले. १६१६ साली शेक्सपिअर वारला. मृत्युपत्रात त्याने तीन जुन्या सोबत्यांना स्मरणाच्या अंगठ्या घेण्यासाठी पैसे ठेवले होते. त्यांपैकी हेमिंग व काँडेल यांनी १६२३ साली त्याची छत्तीस नाटके एका ग्रंथात छापविली. त्यांतील सुमारे निम्मी तोपर्यंत छापलीच गेली नव्हती. 'मॅक्बेथ' आणि 'ज्युलियस सीझर' ही त्यांपैकीच होत.