शरणपूरचे याकोब वेनराइट व त्यांची रोजनिशी

सरावलीहून जव्हार व मोखाडा या वाटेने घाट चढून नाशिकास गेले असता त्या शहरात शरणपूर नावाची वस्ती लागते. हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु एके काळी तेथे आफ्रिका खंडातील मुले अक्षरे गिरवीत होती, व त्यांतील एकाच्या हातचे लिहिणे आज स्कॉटलंड देशात मोठ्या जपणुकीने ठेवले आहे, हे थोड्यांसच ठाऊक असेल. त्या गृहस्थांचे नाव याकोब वेनराइट. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

याकोब हे याओ जमातीचे. त्या काळी न्यासा सरोवराच्या आसपास गुलामांचे व्यापारी खेड्यांवर धाड घालून माणसे धरीत व समुद्रकाठी नेऊन विकीत. हा मुलगाही असाच धरला गेला. ब्रिटिश आरमाराने अशी गलबते अडवून जी मुले सोडविली, त्यांपैकी पुष्कळांस मुंबईस आणिले, आणि तेथून चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर येथील आश्रमात धाडिले. रेव्हरंड प्राइस साहेबांनी वसविलेल्या त्या ठिकाणी मुलांस लेखन, वाचन, पवित्र शास्त्र, तसेच सुतारकी व लोहारकी शिकवीत. ज्याचे घर व गाव हिरावून घेतले होते, त्याच्या हाती तेथे लेखणी आली.

डॉक्टर डेव्हिड लिव्हिंगस्टन हे नाव सर्वांस परिचित आहे. १८४१ साली ते मिशनकार्यासाठी दक्षिण आफ्रिकेत उतरले, व पुढे त्या खंडाच्या अंतर्भागात फिरून गुलामांच्या व्यापाराचे क्रौर्य त्यांनी जगापुढे मांडिले. १८६५ साली ते मुंबईस आले असता नाशिकास गेले, आणि शरणपूरचे नऊ तरुण निवडून जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून आफ्रिकेस निघाले. मुंबईस डॉक्टर जॉन विल्सन यांच्या देखरेखीखाली राहिलेले चुमा हेही त्यांच्याबरोबर होते. त्या नऊ जणांपैकी सगळेच अखेरपर्यंत टिकले नाहीत, हे आम्ही लपवीत नाही. याकोब त्या नवांत नव्हते. १८७२ साली स्टॅन्ली साहेबांनी झांझिबारहून जे साहाय्य पाठविले, त्यात शरणपूरच्या इतर काही तरुणांबरोबर ते लिव्हिंगस्टन यांजकडे पोहोचले.

पुढे वर्षही पुरे झाले नाही तोच, १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, बांगवेउलू सरोवराच्या दक्षिणेस चितांबो नामक मुखियाच्या गावी डॉक्टर साहेब मरण पावले. ते बिछान्याशी गुडघे टेकलेले आढळले. तेव्हा चुमा, सुसी व इतर सोबत्यांनी विचार केला. परक्या मुलखात धन्याचे प्रेत पुरून निघून जाणे सोपे होते. त्यांस अडविणारा कोणी नव्हता. परंतु त्यांनी ते स्वदेशी पोहोचविण्याचा निश्चय केला. हृदय एका झाडाखाली पुरिले. त्या समयी अंत्यविधीची उपासना याकोब यांनी वाचली. साहेबांच्या सामानाची यादीही त्यांनीच लिहिली, व त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. ती तारीख ४ मे आहे. पुस्तकांतून मृत्यूचा दिवस बहुधा १ मे असा देतात. तो कोरलेला खोडाचा भाग पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेण्यात आला.

नंतर प्रेत मीठ लावून उन्हात वाळविले, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळिले, आणि ही मंडळी हजार मैलांहून अधिक वाट चालली. मार्गात आजार आला, मरणे झाली, लढाईचाही प्रसंग आला. उन्यान्येंबे येथे एका इंग्रज अधिकाऱ्याने प्रेत तेथेच पुरावे अशी सल्ला दिली. ती त्यांनी मानिली नाही. पुढे गावकऱ्यांची भीती वाटली, तेव्हा प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखे बांधून त्यांनी ते पार नेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते समुद्रकाठी बागामोयो येथे पोहोचले. या सर्व प्रवासाची रोजनिशी याकोब इंग्रजीत लिहीत होते.

प्रेताबरोबर विलायतेस गेलेले आफ्रिकन सोबती ते एकटेच. सिंहाने पूर्वी मोडलेल्या डाव्या हाताच्या हाडावरून साहेबांची ओळख पटली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, आणि शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचे याकोबही उभे होते. चुमा व सुसी यांस मात्र त्या दिवशी तेथे असणे घडले नाही. ते मागाहून गेले. याकोब पुढे आफ्रिकेस परतले, व १८९२ साली उरांबो येथे मरण पावले. त्यांचे शेवटचे दिवस प्रसिद्धीचे नव्हते.

रोजनिशीचीही गत तशीच झाली. १८७४ साली तिचा काही भाग जर्मन भाषेत छापला गेला, परंतु मूळ हस्तलिखित दीर्घकाळ लोकांच्या नजरेआड राहिले. ते लिव्हिंगस्टन यांच्या ब्लांटायर येथील जन्मस्थानाच्या संग्रहालयात आहे. २०१९ साली त्याची छायाचित्रे व मजकूर सर्वांस खुले करण्यात आले. त्या शतकातील आफ्रिकेविषयीचे जे कागद युरोपात जपून ठेविले आहेत, ते बहुतेक गोऱ्या लोकांच्या हातचे आहेत. त्यांत ओझी वाहणाऱ्यांची नावे पुष्कळदा सापडत नाहीत. येथे मात्र ओझ्याबरोबर चालणाऱ्यानेच लिहिले आहे. डॉक्टर साहेबांच्या मृत्यूविषयी आफ्रिकन माणसाच्या हातचा हा लेख आहे.

बंधूंनो, यावरून आपण बोध घ्यावा. आपल्या पाड्यांवरील मंडळ्यांचा इतिहास दुसऱ्या कोणी लिहील अशी वाट आपण पाहात बसतो. परंतु बाप्तिस्म्याची नोंद, मंडळीतील म्हाताऱ्यांची आठवण, दुष्काळात व तापाच्या साथीत कोणी कोणास सांभाळिले ती हकीकत, ही सर्व उपदेशकाच्या वहीत उतरली पाहिजे. त्या वहीस पावसाळ्यात ओल लागू देऊ नये, वाळवी लागू देऊ नये. जो प्रभू आपल्या लोकांची नावे विसरत नाही, त्याने आपल्यालाही अक्षर दिले आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या एका मुलाने त्या अक्षराचा विश्वासूपणे उपयोग केला, आपणही करावा.