विश्लेषण : टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष कॅथलिक होते! कोण होते 'काका' बाप्टिस्टा?

अवसरी बुद्रुक : निवडणूक ग्रामपंचायतीची असो वा विधानसभेची, उमेदवार कोणत्या समाजाचा आणि त्याच्या समाजाची मते किती, हा हिशेब पारावर आधी मांडला जातो. ज्या समाजाची मते मोजकीच, त्याच्या माणसाने नेतृत्वाचे स्वप्नही पाहू नये, असा जणू नियमच झाला आहे. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने हा हिशेब चुकीचा ठरवला होता. ते होते बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा. धर्माने कॅथलिक, विचाराने टिळकांचे अनुयायी आणि मुंबईच्या कामगारांचे 'काका'.

बाप्टिस्टा मूळचे कुठले?

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईतील माझगावच्या माथारपाखाडीत झाला. घराण्याचे मूळ गाव भाईंदरजवळचे उत्तन. हे कुटुंब ईस्ट इंडियन समाजातले. वसई, साष्टी आणि मुंबई बेटांवरचे हे मूळचे रहिवासी. पोर्तुगीज काळात ते ख्रिस्ती झाले, पण घरातली बोली मराठीच राहिली. नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी, म्हणून १८८७ मध्ये या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतले.

इंजिनिअरचा बॅरिस्टर कसा झाला?

आज अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्या काळी अभियांत्रिकी शिकायचे तर पुणे गाठावे लागे. बाप्टिस्टा यांनी माझगावातील शालेय शिक्षणानंतर पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मात्र ओढा राजकारणाकडे होता. ते इंग्लंडला गेले, केंब्रिजमध्ये शिकले आणि बॅरिस्टर होऊन परतले. १९०१ पासून मुंबई महापालिकेत सदस्य म्हणून त्यांचे सार्वजनिक काम सुरू झाले.

इंग्रज सरकारची मर्जी सांभाळली असती तर वकिलीत मोठा पैसा होता. बाप्टिस्टा यांनी उलटी वाट धरली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, पण कायदेशीर मदतीला बाप्टिस्टा होते. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप पुकारला. पुढे १९१० मध्ये सावरकरांवरील खटल्यातही बचावाच्या वकिलांत बाप्टिस्टा उभे राहिले. अशा आरोपींचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते.

होमरूलशी त्यांचा संबंध काय?

होमरूल हा शब्द आला आयर्लंडमधून. बहुसंख्य कॅथलिक लोकांचा तो देश ब्रिटिशांकडे स्वतःच्या कारभाराचा हक्क मागत होता. ही चळवळ बाप्टिस्टा यांनी जवळून अभ्यासली होती. साम्राज्यात राहूनही कायद्याच्या चौकटीत स्वराज्य मागता येते, हा मुद्दा त्यांनी टिळकांपुढे मांडला. मंडालेहून सुटून आल्यावर टिळक अशाच मार्गाच्या शोधात होते.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष झाले बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. ॲनी बेझंट यांची वेगळी लीग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. दोन्ही संघटनांनी प्रांत वाटून घेतले आणि मुंबई शहर सोडून महाराष्ट्र टिळकांच्या लीगकडे आला. म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या गावोगावी स्वराज्याची मागणी पोहोचवणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष एक कॅथलिक होता. पुढच्याच वर्षी बाप्टिस्टा इंग्लंडला गेले आणि तिथल्या मजूर पक्षात भारताच्या मागणीसाठी पाठिंबा मिळवू लागले.

टिळकांच्या तोंडी अजरामर झालेल्या स्वराज्याच्या घोषणेमागची कल्पना बाप्टिस्टा यांची, असे मानणारेही आहेत. ते श्रेय कुणालाही दिले, तरी स्वराज्याच्या मागणीला संघटनेचे रूप देण्यात त्यांचा वाटा मोठा होता, यात शंका नाही.

कामगारांनी त्यांना काका का म्हटले?

आंबेगाव-जुन्नर भागातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस पिढ्यान् पिढ्या मुंबईत राबला. त्या काळी अशा कामगाराला कायद्याचे कवच नव्हते. संप करणाऱ्या संघटनेच्या पुढाऱ्यांवर मालक नुकसानभरपाईचा दावा लावू शकत. मद्रासमध्ये बी. पी. वाडिया यांच्यावर असाच प्रसंग आला होता. हे संरक्षण १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने मिळाले.

त्याआधीच, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना स्थापन झाली. लाला लजपत राय अध्यक्ष होते आणि संस्थापकांत बाप्टिस्टा आघाडीवर होते. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारताच्या कामगारांचा प्रतिनिधी सरकार परस्पर ठरवत होते. तो कामगारांच्या संघटनेने सुचवावा, हे आयटकच्या जन्माचे एक कारण. १९२१ मध्ये कोळसा खाणींच्या झरिया गावी भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष बाप्टिस्टाच होते. १९२४ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले.

ते मुंबईचे महापौर होते का?

होय. १९२५-२६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे प्रमुख झाले. तेव्हा या पदाला अध्यक्ष म्हणत. महापौर हे नाव १९३१ मध्ये आले. अमेरिकेशी तुलना केली तर याचे मोल कळते. १९२८ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर अल स्मिथ राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. मोठ्या पक्षाने उमेदवारी दिलेले ते पहिले कॅथलिक. ते पोपचे ऐकतील की देशाचे, असा प्रचार त्यांच्याविरुद्ध झाला आणि ते हरले. कॅथलिक राष्ट्राध्यक्ष निवडून यायला अमेरिकेत १९६० साल, केनेडी यांचा विजय, उजाडावा लागला. बाप्टिस्टा यांना मात्र त्याच्या कितीतरी आधी टिळकांनी आपल्या लीगच्या अध्यक्षपदी बसवले होते.

मग त्यांचे नाव मागे का पडले?

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. काँग्रेसची सूत्रे गांधीजींकडे आली आणि असहकाराचे पर्व सुरू झाले. कायदेमंडळात शिरून सरकारशी झगडावे, या टिळकांच्या मताचे बाप्टिस्टा होते. त्यामुळे ते मुख्य प्रवाहापासून बाजूला पडले. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे, तर माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे. तिथे फिरायला येणाऱ्या अनेकांना हे बाप्टिस्टा कोण, हे ठाऊक नसते.

त्यांच्या समाजाची मते थोडी होती, म्हणून ते मतांच्या बळावर मोठे झाले नाहीत. टिळकांचा खटला, होमरूल, कामगारांचा संप, जिथे माणूस लागला तिथे ते उभे राहिले. उमेदवार कोणत्या समाजाचा, हे विचारण्याआधी तो कुणासाठी उभा राहिला, हे विचारायला काकांचे आयुष्य शिकवते.